लंडनचा वाढलेला मुक्काम

नारायण पेठेत गेली पंचवीस-तीस वर्षं एक वाक्य वरचेवर कानावर पडतं : ‘सहा महिन्यांचा शिक्का मिळाला.’ बोलणाऱ्या बहुधा साठी-सत्तरीतल्या बाई असतात. मुलगी किंवा सून न्यू जर्सीत नाहीतर सॅन होजेला असते आणि निमित्त बाळंतपणाचं असतं. मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी असं सगळं वजन करून बॅगेत बसवलेलं असतं. पण खरी धाकधूक सामानाची नसते. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला किती दिवस राहायचं हे तिकडच्या विमानतळावरच्या काउंटरमागे बसलेला अधिकारी ठरवतो. आय-९४ नावाच्या नोंदीत तो एक तारीख टाकतो आणि त्या तारखेवर घरातली पुढची सगळी गणितं बसतात : बाळाचं बारसं कधी, उष्टावण कधी, आणि आजी परत जायच्या आत पाळणाघरात जागा मिळणार का?

ही तारीख वाढवून घेण्याची रीत माझ्या मावशीमुळे मला तपशिलात कळली. नातीची तब्येत नाजूक होती आणि सहा महिने पुरणार नव्हते. मुदत संपायच्या आत आय-५३९ नावाचा अर्ज भरायचा, शुल्क भरायचं, का राहायचं आहे ते लिहायचं, परत जाणार आहोत याचा पुरावा जोडायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचं. ‘कॅनडात चार दिवस जाऊन या, म्हणजे नवे सहा महिने मिळतील’ असा सल्ला देणारे शेजारी तिथेही होते. तो सल्ला कच्चा होता. शेजारच्या देशात थोडे दिवस जाऊन आलं तर सहसा जुनीच तारीख पुढे चालू राहते. मुदतीबाहेर एकशेऐंशी दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला, तर तीन वर्षं दार बंद. वर्षाहून जास्त राहिलं, तर दहा वर्षं. थायलंडसारख्या देशांत सीमेपर्यंत जाऊन परत येण्याच्या उद्योगाला ‘व्हिसा रन’ असं नावच पडलेलं आहे. त्याला पर्याय म्हणून इमिग्रेशनच्या कार्यालयात रांग लावून तीस दिवस वाढवून घेण्याची सोयही तिथे आहे.

मावशीच्या त्या अर्जातला एक रकाना माझ्या डोक्यात राहिला : मुक्काम वाढवण्याचं कारण. आजीने नातीजवळ राहण्याचं कारण सरकारला पटवून द्यायचं, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटली. माणसाने परमुलखात किती दिवस राहायचं हे सरकारने ठरवावं, अशी व्यवस्था मुळात आली कधी, हे शोधू लागलो आणि फिरून पुन्हा आमच्याच पेठेत आलो. या व्यवस्थेशी अगदी सुरुवातीच्या काळात ज्या मराठी माणसाची गाठ पडली, त्याचा पत्ता गायकवाड वाडा, नारायण पेठ, असाच होता.

*

टिळकांच्या चरित्रांत विलायतेच्या प्रवासाचं प्रकरण असतंच. पण ते चिरोल खटल्याचं प्रकरण म्हणून येतं. कोर्ट, वकील, निकाल, खर्च. मला ते पासपोर्टचं प्रकरण म्हणून वाचावंसं वाटतं. तसं वाचलं की त्यातले लोक तेच राहतात, पण लढाईची जागा बदलते.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून इंग्लंडला जायला पासपोर्ट लागत नसे. दादाभाई नौरोजी १८५५ साली गेले, नामदार गोखले अनेकदा गेले, सावरकर १९०६ मध्ये गेले. तिकिटाचे पैसे आणि समुद्र ओलांडण्याची हिंमत एवढं पुरत होतं. आपल्याकडे अडचण घरातून आणि जातीतून यायची. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं की नाही यावर पुण्यात वर्तमानपत्रांचे रकाने भरत. सरकार या भानगडीत नसे. १९१४ साली युद्ध सुरू झालं आणि युरोपभर माणसांच्या ये-जा करण्यावर पहारा बसला. हेर, पळपुटे, बंडखोर यांच्या भीतीने प्रत्येक देश कागद मागू लागला. १९१७ साली हिंदुस्थानातही भारत संरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले. युद्धापुरती म्हणून आलेली ही सोय पुढे गेली नाही. युद्ध संपल्यावर १९२० साली हिंदुस्थानात पासपोर्टचा वेगळा कायदा झाला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत पासपोर्टची पुस्तिका सर्व देशांत साधारण एकसारखी असावी असं ठरलं. आज आपल्या कपाटात असलेल्या पुस्तिकेचा वंश त्या काळातला आहे.

म्हणजे टिळक बोटीत बसायला निघाले, तेव्हा हे यंत्र नुकतंच बसवलेलं होतं. वंगणही सुकलेलं नव्हतं.

सरकारच्या मर्जीने दूरच्या मुक्कामाला जाण्याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठीला होता. १९०८ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आलं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. हा मुक्काम परदेशातला नव्हे, हद्दीतलाच गणला जायचा. त्याची मुदत कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं. १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही ते तिथेच होते. १९१४ च्या जूनमध्ये मध्यरात्री त्यांना गुपचूप गायकवाड वाड्याच्या दाराशी आणून सोडलं. नारायण पेठेला पत्ता न लागू देता सरकारने माणूस परत केला.

*

ते मंडालेत असतानाच, १९१० मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांचं ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक निघालं. टिळक हे हिंदी असंतोषाचे जनक, हे विशेषण तिथलं. आज आपण ते अभिमानाने लावतो. पुस्तकात ते आरोपाच्या सुरात होतं आणि त्याच्या आगेमागे राजकीय खुनांशी टिळकांचा संबंध जोडणारी विधानं होती. सुटून आल्यावर टिळकांनी चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. हिंदुस्थानातल्या साक्षी इथेच कमिशनपुढे घेतल्या गेल्या. मुख्य सुनावणी लंडनला व्हायची होती.

दरम्यान १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने देण्याची घोषणा केली आणि पुढे ते स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. सुधारणांचा मसुदा लंडनमध्ये ठरणार, हे उघड होतं. लीगचे जोसेफ बॅप्टिस्टा त्याआधीच इंग्लंडला जाऊन मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडत होते. आता शिष्टमंडळ पाठवायचं ठरलं.

१९१८ च्या मार्चअखेर टिळक मुंबईहून निघाले. बरोबर न. चिं. केळकर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, साताऱ्याचे दादासाहेब करंदीकर आणि बंगालचे बिपिनचंद्र पाल होते. भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुड्यांची भीती होती, म्हणून मद्रासमार्गे कोलंबोला जाऊन तिथून बोट पकडायची होती. पासपोर्ट हातात होते. सरकारनेच दिलेले होते.

कोलंबोत ते रद्द झाले. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाचा हुकूम आला की या मंडळींना पुढे जाऊ देऊ नये. मार्चच्या अखेरीस पश्चिम आघाडीवर जर्मनांनी मोठी चढाई केली होती आणि अशा वेळी लंडनमध्ये होमरूलची व्याख्यानं सरकारला नको होती. बंदरापर्यंत पोचलेली माणसं परत फिरली.

मला या प्रसंगातला पासपोर्ट फार बोलका वाटतो. हिंदुस्थान सरकारने दिलेला कागद बंदरात पोचेपर्यंत निरर्थक झाला. कागद म्हणजे हक्क नव्हे, देणाऱ्याची त्या दिवशीची मर्जी आहे, हे त्या पाच जणांना कोलंबोच्या बंदरात कळलं. व्हिसा पासपोर्टवर असूनही काउंटरवरच्या अधिकाऱ्याकडे धडधडत्या छातीने जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

*

आता टिळकांमधला वकील जागा झाला. राजकीय शिष्टमंडळ म्हणून दार बंद झालं होतं. पण एका दिवाणी दाव्याचा वादी म्हणून? लंडनच्या कोर्टात दावा पडून आहे. वादीलाच कोर्टात जाऊ दिलं नाही, तर ज्या ब्रिटिश न्यायाचे गोडवे गायले जातात त्याचं काय राहिलं? हे कारण नाकारणं सरकारला जड होतं. परवानगी मिळाली, पण अट घालून : इंग्लंडमध्ये असताना राजकीय चळवळ करायची नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हिजिटरचा शिक्का मिळाला, कामाची परवानगी मिळाली नाही.

१९१८ च्या सप्टेंबरमध्ये ते मुंबईहून निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोचले. वय बासष्ट. मधुमेह जुना. त्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाने मुंबई आणि लंडन दोन्ही शहरांना ग्रासलं होतं. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. ज्या कारणासाठी अट घातली होती ते कारणच संपलं. अट काढून घेण्यासाठी टिळकांनी प्रयत्न केले आणि काही काळाने ती सुटली.

इथे एक कायदेशीर गंमत आहे. टिळक ब्रिटिश प्रजाजन होते. साम्राज्याच्या राजधानीत ते परकीय नव्हते. १९१४ चा निर्बंधाचा कायदा परकीयांसाठी होता. त्यामुळे एकदा किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर ‘अमुक तारखेला निघून जा’ असा शिक्का त्यांच्यावर नव्हता. मावशीच्या आय-९४ सारखी तारीखच नव्हती. सरकारचा सगळा ताबा दारावर होता : आत यायचं दार, पुढे कुठे जायचं ते दार. मधल्या घरात किती दिवस बसायचं ते तुमचं तुम्ही बघा. या फटीचा टिळकांनी पुरेपूर उपयोग केला. खटल्याच्या कामासाठी आलेला माणूस खटला संपल्यावरही आठ महिन्यांहून जास्त राहिला.

खटला २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे सुरू झाला. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन. दोघेही त्या काळातले नावाजलेले बॅरिस्टर. पुढे १९२८ मध्ये ‘सायमन परत जा’ म्हणून ज्यांना काळी निशाणं दिसली, तेच हे सायमन. हिंदुस्थानातल्या सरकारी दप्तरांची मदत चिरोलला होती. ज्या सरकारकडे परवानगी मागून वादी आला होता, तेच सरकार प्रतिवादीच्या पाठीशी उभं होतं. २१ फेब्रुवारीला ज्यूरीने चिरोलच्या बाजूने निकाल दिला. खर्चाचा आकडा लाखांत गेला. ते ओझं पुढे लोकांनी वर्गणी काढून उचललं.

ज्या कारणासाठी परवानगी मिळाली ते कारण २१ फेब्रुवारीला संपलं. माणूस हरलेला, वयस्क, आजारी, कर्जात. परत जाण्यासाठी याहून सबळ कारणं कुठली? ते थांबले.

*

थांबण्याची कारणं तीन होती आणि तिन्ही पाहिली की ‘मुक्काम वाढवणं’ या शब्दांचा अर्थ नीट कळतो.

पहिलं कारण पॅरिस. १९१८ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून नावं ठरवली. लंडनहून पॅरिस म्हणजे मधली एक खाडी. टिळकांनी फ्रान्ससाठी पासपोर्ट मागितला, तो मिळाला नाही. परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह बसले. टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र पाठवलं. माणसाला खाडी ओलांडता आली नाही. पत्राला पासपोर्ट लागत नव्हता.

दुसरं कारण विधेयक. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचं विधेयक १९१९ च्या जूनमध्ये पार्लमेंटपुढे आलं आणि संयुक्त समितीने साक्षी घ्यायला सुरुवात केली. केळकर, खापर्डे, विठ्ठलभाई पटेल अशी मंडळी आता लंडनमध्ये येऊन पोचली होती. ज्या शिष्टमंडळाला वर्षापूर्वी कोलंबोहून परत फिरवलं, त्यातलेच लोक आता रीतसर पार्लमेंटच्या समितीपुढे आपली बाजू मांडत होते. टिळकांची साक्ष ऑगस्टमध्ये झाली.

तिसरं कारण कमी दिसणारं, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काँग्रेसची लंडनमध्ये एक ब्रिटिश कमिटी होती आणि तिचं ‘इंडिया’ नावाचं साप्ताहिक होतं. ही कमिटी हिंदुस्थानातल्या काँग्रेसपेक्षा मवाळ चालीने चाले. टिळकांनी त्या वर्षभरात तिची घडी नव्याने बसवण्याचं काम केलं आणि मजूर पक्षाशी संबंध वाढवले. सत्तेत कोण आहे यापेक्षा उद्या सत्तेत कोण येऊ शकेल इकडे त्यांचं लक्ष होतं. १९२४ मध्ये मजूर पक्षाचं पहिलं सरकार आलं आणि १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा त्याच पक्षाच्या सरकारने केला. याचं श्रेय एका वर्षाच्या मुक्कामाला देणं ही अतिशयोक्ती होईल. पण दार कुठलं ठोठवायचं, हा अंदाज बरोबर होता.

मेडा व्हेल भागातल्या हौली प्लेस या गल्लीत दहा नंबरच्या घरात ते राहिले. घर भाड्याचं, गल्ली शांत, जवळच कालवा. पेठेतल्या वाड्याचा चौक, ‘केसरी’च्या छापखान्याचा खडखडाट आणि सकाळपासून येणारी माणसं, यापासून हे फार लांबचं आयुष्य होतं.

*

या मुक्कामाची किंमत काय पडली, हा प्रश्न टिळकांवर प्रेम करणाऱ्यांनीही विचारला पाहिजे.

दिल्ली काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांना मिळालं होतं. ते इंग्लंडला असल्यामुळे मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा झाला. ६ एप्रिलला गांधींनी देशभर हरताळ पुकारला. १३ एप्रिलला अमृतसरला जालियनवाला बाग झाली आणि पंजाबात लष्करी कायदा लागू झाला. देशाच्या राजकारणाचा रंग सहा आठवड्यांत बदलला, आणि त्या सहा आठवड्यांत लोकमान्य हौली प्लेसमध्ये होते. पंजाबात तर त्यांना एरवीही जाता आलं नसतं. १९१७ पासून पंजाब सरकारने त्यांना प्रांतबंदी केलेली होती. तरीही मुंबईत, पुण्यात, सभेत, ‘केसरी’च्या कचेरीत ते असते. ती जागा रिकामी होती आणि राजकारणात रिकाम्या जागा रिकाम्या राहत नाहीत.

१९१९ च्या नोव्हेंबरमध्ये ते परतले. डिसेंबरच्या अमृतसर काँग्रेसमध्ये सुधारणांच्या ठरावावर त्यांच्यात आणि गांधींमध्ये मतभेद दिसले. टिळकांची भूमिका प्रतियोगी सहकारितेची होती : सरकार जेवढं सहकार्य करील तेवढं आपण करू. ही भाषा समितीपुढे साक्षी देऊन आलेल्या माणसाची होती. समोरचं सभागृह पंजाबच्या जखमा पाहून आलेलं होतं. आठ महिन्यांत, १ ऑगस्ट १९२० रोजी, टिळक गेले. असहकाराच्या आंदोलनाची सुरुवातही त्याच दिवशी झाली.

कोणी म्हणेल, राहिले नसते तर? अशा प्रश्नांना इतिहासात उत्तर नसतं. माझं मत विचाराल तर त्यांनी जाणूनबुजून हा सौदा केला. कायदा लंडनला होतो आहे, तर लंडनला बसलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. त्याच वेळी देशातलं चलन बदललं, हे मात्र त्यांना तिथून दिसणं कठीण होतं. परदेशी मुक्काम वाढवणाऱ्या प्रत्येकाला हे थोडंफार भोगावं लागतं : तिकडचं एक काम पदरात पडतं आणि इकडचं घर आपल्याशिवाय चालायला शिकतं.

*

ज्यांना परत येण्याचं दारच बंद झालं अशीही मराठी माणसं होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून गेले, अमेरिकेत गदर चळवळीत पडले, महायुद्धात इराणच्या बाजूला लढले आणि शेवटी मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या शेतकी शाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना बसवलं. टिळकांना लंडनमध्ये राहायचं होतं आणि दार अडवलं जाई. खानखोजे यांना घरी यायचं होतं आणि दार अडवलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली ते आले, तर ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव अजून पुसलेलं नव्हतं, म्हणून विमानतळावर त्यांना अडवण्यात आलं. राज्य बदललं होतं, दप्तर तेच होतं. पुढे ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ साली गेले.

योगायोग असा की पासपोर्ट ही सरकारची मर्जी नव्हे, हे आपल्याकडे कायद्याने मान्य झालं तेही १९६७ सालीच. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकार कुठल्याही कायद्याशिवाय ठरवत होतं. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या वैयक्तिक स्वातंत्र्यात येतो. मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा करावा लागला. कोलंबोच्या बंदरातल्या पाच जणांना मिळायला हवं होतं ते उत्तर एकोणपन्नास वर्षांनी मिळालं.

पण हा हक्क आपल्या दारातून बाहेर पडण्याचा आहे. दुसऱ्याच्या दारातून आत जाण्याचा हक्क कोणतंही न्यायालय देत नाही. साम्राज्य होतं तोवर पुण्याचा माणूस कागदोपत्री लंडनला परका नव्हता. १९६२ साली ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर कायद्याने मर्यादा घातली आणि ती फट बुजू लागली. आज टिळक गेले असते, तर व्हिजिटर व्हिसावर बहुधा सहा महिने मिळाले असते. संयुक्त समितीच्या साक्षीपर्यंत ते पुरले नसते.

*

उलट दिशेचा इतिहासही पुण्यातच आहे. १९७४ साली कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला आणि युरोप-अमेरिकेतले लोक महिनोन्‌महिने पुण्यात राहू लागले. सहा महिने भरत आले की काठमांडूला किंवा कोलंबोला जायचं, नवा व्हिसा घ्यायचा, परत यायचं, असा अनेकांचा क्रम असे. मुक्काम वाढवण्यासाठी लोक कोलंबोला जात, ही गोष्ट वाचताना मला १९१८ चं कोलंबो आठवल्याशिवाय राहत नाही.

मुंबईवरच्या हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली पुण्यातही येऊन गेल्याचं उघड झालं. अमेरिकन पासपोर्टवर तो वारंवार ये-जा करत होता. त्यानंतर २००९ च्या अखेरीस भारताने नियम आणला : पर्यटक व्हिसावर एकदा येऊन गेलं की पुढच्या खेपेपर्यंत दोन महिन्यांचं अंतर हवं. २०१० च्या फेब्रुवारीत जर्मन बेकरीत स्फोट झाला. नियमाचा फटका योग शिकणाऱ्यांना, संशोधकांना, संसार इथे आणि पासपोर्ट तिथला अशा जोडप्यांना बसला. २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी तो मागे घेतला गेला. एका हेराच्या येण्या-जाण्यामुळे हजारो निरुपद्रवी लोकांच्या मुक्कामाचं गणित बदलतं, हे १९१४ मध्ये युरोपात झालं होतं, तसंच.

आपण बाहेर जातो तेव्हा काउंटरवरचा अधिकारी आपल्याला निष्ठुर वाटतो, आणि आपल्याकडे कोणी मुदतीपलीकडे राहिलं की ‘नियम म्हणजे नियम’ असं आपण म्हणतो. दोन्ही वेळी आपण प्रामाणिक असतो. म्हणून या विषयावर कोणाला साधू किंवा चोर ठरवण्याआधी मी कारणाचा रकाना बघतो. नातीजवळ थांबायचं आहे. दावा चालू आहे. शिक्षण अर्धं आहे. देशाचा कायदा तिथे बनतो आहे. खरी कारणं बहुतेक वेळा छापील रकान्यात मावत नाहीत, आणि जे मावतं ते अर्धंच खरं असतं. ‘दिवाणी दाव्याच्या कामासाठी’ हे टिळकांचं कारण खरंच होतं. आणि तेवढंच नव्हतं.

मावशीला चार महिने वाढवून मिळाले. नात आता शाळेत जाते. मुदतवाढीचं मंजुरीचं पत्र मावशीने प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात जपून ठेवलं आहे, पुढच्या व्हिसाच्या वेळी लागेल म्हणून.

हौली प्लेसच्या त्या घरावर निळी गोल पाटी आहे. लोकमान्य टिळक, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, १९१८-१९१९ मध्ये इथे राहिले, एवढाच तिचा मजकूर. लंडनला मुलांकडे जाणारे पेठेतले लोक तिथे जाऊन फोटो काढतात. पुढच्या वेळी कोणी गेलं, तर पाटीवरच्या त्या दोन सालांकडे जरा थांबून बघावं. पहिलं साल त्यांना परवानगीने मिळालं होतं. दुसरं त्यांनी मिळवलं.